सोडून देणार आहोत ना, काकू!



या वेळी संक्रांतीच्या तीळवड्यांवर लिहायचं ठरवलं होतं. गूळ किती चिकट घ्यायचा, हे अनेकींनी विचारलं होतं. पण गेले दोन आठवडे एक गोष्ट मनातून जात नाही, आणि ती तुमच्याशी बोलल्याशिवाय मला तीळ भाजायला बसवणार नाही. तेव्हा वड्या पुढच्या खेपेला.

डिसेंबरअखेरीस आम्ही चार कुटुंबं मुलांना घेऊन चाकणच्या पुढे, भामा आसखेड धरणाच्या बाजूला एका कृषी पर्यटनाच्या ठिकाणी एक रात्र राहिलो. चारही कुटुंबं आपल्या समाजातली. दोघी आमच्या मंदिरातल्या, एक स्थानकात जाणारी. ठिकाण निवडतानाच सांगून ठेवलं होतं की कांदा-लसूण-बटाटा नको, जेवण सूर्यास्ताच्या आत हवं, पाणी गाळलेलं हवं. त्यांनी सगळं पाळलं. सहाच्या आत गरम भाकरी, मुगाची आमटी, वर ताक. आम्ही बायका खूश.

जेवणं झाल्यावर तिथला एक तरुण मुलगा, अंगात टी-शर्ट, पायात बूट, सगळ्या पोरांना गोळा करून म्हणाला, "चला, जंगलात कसं जगायचं ते शिकवतो. ससा कसा धरतात माहितीये?" त्याच्या हातात मोटारसायकलच्या क्लचची जुनी वायर होती. त्याने तिचा सरकता फास केला, मुलांना बोट घालून बघायला दिला, आणि ओढल्यावर तो कसा आवळतो ते दाखवलं. मग बॅटरीच्या उजेडात कुंपणापलीकडच्या गवतात, सशाच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर, तीन-चार फास लावून आले. माझा धाकटा सहा वर्षांचा. त्याने स्वतःच्या हाताने एक खुंटी ठोकली आणि धावत येऊन मला सांगितलं. लेक नऊ वर्षांची. ती गप्प होती.

मी त्या मुलाला विचारलं, "अरे, हे कशाला?" तो हसून म्हणाला, "सोडून देणार आहोत ना, काकू! तुम्ही जैन लोक, आम्हाला माहितीये की. फोटो काढायचा आणि सोडायचा."

आणि मैत्रिणींनो, मी गप्प बसले. बाकीच्याही गप्प बसल्या. एकीने तर म्हटलं, "जाऊ दे गं, पोरं मोबाइल सोडून काहीतरी करताहेत." मला पटलं नव्हतं, तरी मी मान डोलावली. आजचा सगळा लेख त्या डोलावलेल्या मानेबद्दल आहे.

पहाटे साडेपाच-सहाला एका आवाजाने जाग आली. मला वाटलं शेजारच्या खोलीतलं तान्हं बाळ रडतंय. पण आमच्यात तान्हं बाळ कुणाचंच नव्हतं. ससा ओरडतो हे मला आजवर माहीतच नव्हतं. एरवी तो आयुष्यभर मुका असल्यासारखा राहतो, जिवावर बेततं तेव्हाच त्याचा आवाज फुटतो. तो आवाज मुलांनीही ऐकला. आम्ही बाहेर गेलो तेव्हा फास त्याच्या मागच्या पायात घट्ट बसला होता आणि खुंटीभोवतीचं गवत रात्रभराच्या धडपडीने गोल झिजलं होतं. त्या मुलाने गोणपाट टाकून त्याला धरलं, वायर सैल केली, कुणीतरी फोटो काढला, आणि ससा सोडला. तो तीन-चार उड्या मारून थांबला, मग लंगडत झुडपात शिरला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या लेकीने वाजवल्या नाहीत.

गाडीत बसल्यावर तळेगाव चौकाच्या गर्दीत अडकलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "आई, तुला रात्रीच माहीत होतं ना? मग तू बोलली का नाहीस?"

मला उत्तर देता आलं नाही. इथे तुमच्यासमोर द्यायचा प्रयत्न करते.

आधी "सोडून देणार आहोत" या वाक्याचं बघू. आपल्याला फसवायला याच्याइतकं सोयीचं वाक्य दुसरं नाही. कारण आपल्या मनात हिंसा म्हणजे मारणं आणि खाणं. मारलं नाही, खाल्लं नाही, मग पाप कुठे? पण पाठशाळेत आपणच मुलांना अहिंसाणुव्रताचे अतिचार शिकवतो ना? त्यात पाच गोष्टी येतात. बांधणं, मारहाण करणं, अवयव छेदणं, झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. बांधणं त्यात पहिलं आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ही यादी आहे आणि दशलक्षणात आपण तिचा अर्थ दरवर्षी ऐकतो. मोकळ्या फिरणाऱ्या जिवाला बांधून ठेवणं हाच दोष आहे, पुढे सोडलं की नाही हा वेगळा प्रश्न.

शिवाय सोडलेला ससा वाचतोच असं नाही. हा प्राणी भीतीवर जगलेला आहे. कान, डोळे, पाय सगळं पळून जाण्यासाठी. पळता येत नाही अशा स्थितीत तो रात्रभर अडकला तर वरून जखम दिसली नाही तरी त्या धसक्याने आणि धडपडीने तो नंतर मरू शकतो. आमचा ससा झुडपात गेला, पुढे काय झालं कुणी पाहिलं नाही. आमच्याकडे फोटो आहे, त्यात सगळे हसताहेत.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडते. आपल्याकडे गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. स्वयंपाक-झाडलोटीत होते ती आरंभी, शेती-धंद्यात होते ती उद्योगी, स्वतःचं रक्षण करताना होते ती विरोधी, आणि ठरवून, हेतूने केलेली ती संकल्पी. पहिल्या तिन्ही गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाहीत, कमी करायच्या असतात. चौथी मात्र पूर्ण सोडायची असते. म्हणून मी शेतकऱ्याला बोल लावायला बसलेली नाही. खेडच्या शेतकऱ्याच्या हरभऱ्याचे कोवळे शेंडे ससे खातात, त्याचं नुकसान खरं आहे, त्याला कुंपण हवं, मदत हवी. माझं माहेर सांगलीकडचं, आमच्या घरी शेती आहे, मला हे माहीत आहे. पण आम्ही तिथे कुठलं पीक राखत होतो? कुणाची भूक भागवत होतो? आम्ही पैसे देऊन, मुलांच्या करमणुकीसाठी, ठरवून एक जीव अडकवला. संकल्पी हिंसा याहून वेगळी काय असते? सप्तव्यसनांत शिकारीचं नाव येतं. व्यसन म्हणजे ज्याची गोडी लागते ते. सहा वर्षांच्या मुलाला खुंटी ठोकण्याची जी मजा वाटली, ती मी त्याच्या डोळ्यांत पाहिली आहे.

"मुलं धीट होतात, निसर्ग शिकतात," असं आमच्यातल्या एका भावजींचं म्हणणं. मला विचाराल तर फासाने मुलाला निसर्गातलं काहीच कळत नाही. फास लावून माणूस झोपायला जातो. ना वाट बघावी लागते, ना ससा ओळखावा लागतो. तारेला तरी कुठे कळतं समोर कोण आहे? त्याच वाटेने मुंगूस आलं, कोल्हा आला, मोर आला, गावातलं कुत्रं आलं, तरी ती आवळणारच. बिबट्यासुद्धा अशा फासात अडकतात. धीटपणा तर त्याहून लांब. दुबळ्या जिवाला अंधारात अडकवायला धीर कशाला लागतो? धीर लागला असता मला, रात्री आठ वाजता चार कुटुंबांसमोर "हे काढून टाका" म्हणायला. तो माझ्यात नव्हता.

आणि एक साधी गोष्ट, जी मला तेव्हा सुचली असती तरी वेळ निभावली असती. हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात केवळ मारणं येत नाही. पकडणं, फास लावणं, सापळा लावणं आणि त्याचा नुसता प्रयत्न करणं हेही शिकारच. आपला रानससा त्या कायद्याने संरक्षित आहे. म्हणजे खुंटी ठोकली तेव्हाच गुन्हा झाला होता, ससा अडको न अडको. "सोडून देणार" या शब्दांना कायद्यातही जागा नाही आणि धर्मातही नाही.

परत आल्यावर महिला मंडळात मी हा विषय काढला, तेव्हा एक ताई पटकन म्हणाल्या, "ही पारध्यांची कामं, आपण कशाला त्यात पडायचं?" मला ते फार लागलं. कारण फास लावणारा मुलगा पारधी नव्हता आणि पैसे तर आमचे होते. फासेपारधी हे नावच फासावरून पडलं, हे खरं. तितर, ससे धरून त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलं आणि मुलंही त्यातच वाढली. पण ते पोटासाठी होतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अशा कित्येक समाजांवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारला. तो शिक्का पुसायला १९५२ उजाडलं, आणि लोकांच्या मनातून तो अजून गेलेला नाही, हे त्या ताईंच्या बोलण्यातून दिसलंच. आपल्याच चिंचवडगावात गिरीश प्रभुणे यांचं पुनरुत्थान समरसता गुरुकुलम आहे. तिथे पारधी आणि इतर भटक्या समाजांची मुलं शिकतात. प्रभुणेंना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिकडे पारध्यांची मुलं पाटी-पुस्तक धरताहेत, आणि इकडे आपण इंग्रजी शाळेतल्या आपल्या मुलांना पैसे देऊन फास शिकवतो. यात मागे कोण चाललंय?

तर आता लेकीच्या प्रश्नाकडे येते. मी का बोलले नाही?

कारण पाहुणे होतो. कारण "जैन लोक सगळ्यातच नाही म्हणतात" असं कुणी म्हणू नये असं वाटलं. जेवणाच्या वेळी इतक्या अटी घातल्या होत्या, अजून एक कशाला, असंही वाटलं. म्हणजे बघा, ताटातल्या बटाट्यासाठी मी आधी फोन करून बोलले आणि जिवंत सशासाठी समोर असून बोलले नाही. आपण म्हणतो पाप तीन तऱ्हांनी लागतं. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्याने केलेल्याला मान्यता दिलेलं. कृत, कारित, अनुमोदित. फास त्या मुलाने लावला. पैसे आम्ही भरले. मान मी डोलावली. तिन्ही तिथे हजर होतं.

नेमिनाथ भगवंतांची कथा आपण मुलांना दर वर्षी सांगतो. वरात निघालेली, मंडप सजलेला, आणि वाटेत कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकून ते परत फिरले. मी ती कथा नेहमी करुणेची म्हणून सांगत आले. आता त्यात दुसरंही दिसतं. सगळे पाहुणे, दोन्हीकडची घराणी बघत असताना ते फिरले. लोक काय म्हणतील, हा विचार त्यांनी बाजूला ठेवला. मला नाश्त्याच्या टेबलावरून उठता आलं नाही.

आमच्याबरोबरच्या स्थानकवासी मैत्रिणीने परतल्यावर मुलांना घरी बोलावून मेघकुमाराची गोष्ट सांगितली. ती ज्ञाताधर्मकथेत आहे, त्यामुळे आमच्या पाठशाळेत मी ती नीट ऐकली नव्हती. श्रेणिक राजाचा मुलगा मेघकुमार दीक्षा घेतो. पहिल्याच रात्री जाणाऱ्या-येणाऱ्या साधूंचे पाय लागून झोप होत नाही, म्हणून घरी परतायचं मनात येतं. तेव्हा भगवान महावीर त्याला त्याचा मागचा जन्म सांगतात. तू हत्ती होतास, जंगलात वणवा लागला होता, तू साफ केलेल्या मोकळ्या जागेत सगळे प्राणी दाटीवाटीने उभे होते. अंग खाजवायला तू पाय उचललास आणि त्या जागेवर एक ससा येऊन बसला. पाय टेकवला तर तो चिरडेल म्हणून तू अडीच दिवस पाय वर धरलास. वणवा विझल्यावर ससा गेला, पण आखडलेला पाय टेकवता येईना, हत्ती कोसळला आणि काही दिवसांनी मेला. त्या करुणेने त्याला माणसाचा जन्म मिळाला.

माझा धाकटा ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "मी खुंटी काढून टाकायला पाहिजे होती." मी त्याला जवळ घेतलं. ती खुंटी काढण्याचं काम माझं होतं, त्याचं नव्हतं.

आता घराकडे वळू, कारण इथे आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. परत आल्यावर रात्री मी ओट्याखाली कोथिंबिरीची जुडी ठेवायला वाकले आणि मला तिथे काय दिसलं? उंदरासाठी लावलेला चिकट पुठ्ठा. ऑनलाइन मागवलेला, दोनाचा संच. विष नको, मारायला नको, म्हणून मी तो घेतला होता! त्यावर अडकलेला उंदीर तासन्‌तास धडपडतो, कातडी सोलवटते, पुठ्ठ्यासकट कचऱ्यात जातो. तारेचा फास आणि हा पुठ्ठा यांत फरक एवढाच की याला मी "स्वच्छता" म्हणत होते. आणि आपल्याकडे हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देण्यालाही अनर्थदंडात धरलं आहे, हिंसादान म्हणून. मी तर शेजारणीला त्यातला एक पुठ्ठा भेट दिला होता.

तो काढून टाकला. त्याऐवजी काय केलं ते सांगते, कारण नुसतं "हिंसा नको" म्हणून उंदीर जात नाहीत. सिंकच्या पाइपभोवतीची फट तारेच्या घासणीचा गुंडाळा ठासून वर सिमेंट लावून बुजवली. पिठाचे, डाळींचे डबे घट्ट झाकणाचे केले. ओला कचरा रात्री घरात ठेवत नाही. सूर्यास्ताआधी जेवून ओटा कोरडा करण्याची आपली पद्धत आहेच, ती पाळली तर निम्मं काम होतं. तरीही आला तर जुना लाकडी-जाळीचा पिंजरा लावावा, पण सकाळ-संध्याकाळ बघून लगेच दूर सोडून यावा. हो, यातही बंध आहेच, म्हणून तो शेवटचा उपाय. आणि कुणाकडे चिकट पुठ्ठ्यावर जीव अडकलेला दिसला तर हातमोजे घालून थोडं खाद्यतेल सोडा, चिकटपणा सुटतो.

ज्यांच्या घरी मुलांचा हट्ट म्हणून पांढरा ससा आणून पिंजऱ्यात ठेवलाय, त्यांनाही एक सांगते. तो आणि आपला माळावरचा ससा वेगळे. पाळीव ससा बिळं करणाऱ्या परदेशी सशाच्या वंशातला. आपला रानससा बीळ करत नाही, गवतात अंगाएवढा खळगा करून त्यात बसतो. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. म्हणून पाळीव ससा "पुण्य म्हणून" डोंगरावर सोडू नका, तो तिथे जगणार नाही. आणि गवतात एकटं पिल्लू दिसलं तर उचलून आणू नका. आई त्याला सोडून गेलेली नसते. लक्ष वेधलं जाऊ नये म्हणून ती लांब राहते आणि पाजायला तेवढी येते.

मुलांना ससा दाखवायचाच असेल तर दाखवा की! पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत माळ संपत चालला आहे, तरी अजून थोडा शिल्लक आहे. यजमान रात्रपाळीहून येतात तेव्हा एमआयडीसीतल्या रिकाम्या प्लॉटपाशी गाडीच्या उजेडात कधीकधी ससा दिसतो म्हणतात. मागच्या रविवारी आम्ही मुलांना घेऊन पहाटे भंडारा डोंगराच्या पायथ्याशी गेलो. सशाच्या गोल कोरड्या लेंड्या शोधल्या, गवतातला एक खळगा सापडला, आणि अर्धा तास न बोलता बसलो. ससा दिसला नाही. दोन तितर दिसले आणि धाकट्याला शिंक आली. तरी परत येताना लेक खूप दिवसांनी माझ्याशी भरभरून बोलली.

शेवटी कामाचं. सहलीचं ठिकाण ठरवताना आपण जेवणाच्या अटी सांगतो, त्यातच आता एक वाढवा: मुलांसाठी प्राणी पकडण्याचा कुठलाही खेळ नको. कुठे फास लावलेला दिसला, प्राणी अडकलेला दिसला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. त्या ठिकाणच्या मालकांना मी फोन केला. भांडले नाही, झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "ताई, त्या वेळीच बोलायचं की." माझ्या लेकीनेही तेच म्हटलं होतं.

पुढच्या वेळी बोलेन. तुम्हीही बोला. आपण पाहुणे असलो तरी.

जय जिनेंद्र.